प्रादेशिक दैनिके राष्ट्रीय पडद्यावर कशी गेली?

प्रादेशिक दैनिक राष्ट्रीय वृत्तवाहिनी काढणार म्हटले की चर्चा भांडवलावर येऊन थांबते. भांडवल लागतेच. केंद्राच्या २०११ च्या नियमावलीने पहिल्या वृत्तवाहिनीसाठी कंपनीची निव्वळ संपत्ती किमान २० कोटी रुपये असावी, अशी अट घातली. पण ही अट मराठी वाहिनीला आणि हिंदी वाहिनीला सारखीच होती. उपग्रहाचा सिग्नलही कोल्हापुरात उतरतो तसाच कोहिमात उतरतो. मग वाहिनी ‘राष्ट्रीय’ होते कशाने? भाषा, केबलवरची जागा आणि जाहिरातदारांचा हिशेब, या तीन गोष्टींनी. दैनिकाची खरी कमाई म्हणजे तालुक्यातालुक्यातला वार्ताहर. या तिन्ही ठिकाणी त्याचे वजन फारसे पडत नाही. गेल्या तीस वर्षांतले प्रयत्न पाहताना हे पुन्हा पुन्हा जाणवते.

वृत्तपत्राची सुरुवात जिल्ह्यात व्हायची. १८६७ च्या कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांसमोर डिक्लेरेशन द्यायचे, नाव नोंदवायचे आणि अंक काढायचा. दूरचित्रवाणी पहिल्यापासून दिल्लीच्या हातात. १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झालेले प्रक्षेपण मुंबईत यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडले. प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. तरीही खासगी वाहिन्यांना भारतातून उपग्रहावर सिग्नल चढवायची मोकळीक लगेच मिळाली नाही. कार्यक्रमांच्या कॅसेट विमानाने परदेशी जायच्या आणि तिथून प्रक्षेपण व्हायचे. बातमीच्या धंद्यात यामुळे केवढी अडचण होत असेल, हे सांगायला नको.

त्या काळात सर्वांत धाडसी पाऊल टाकले ते एका तेलुगू दैनिकाने. रामोजी राव यांनी १९७४ मध्ये विशाखापट्टणमला ‘ईनाडू’ सुरू केले आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्याच्या स्वतंत्र पुरवण्या काढून ते गावोगाव पोहोचवले. २७ ऑगस्ट १९९५ रोजी ईटीव्ही आली. २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली, मग उर्दू, बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशी रांग लागली. विदर्भ-मराठवाड्यातली बातमी हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत जायची आणि तिथल्या स्टुडिओतून वाचली जायची. बिहारच्या बातम्याही त्याच आवारातून. एकच हिंदी वाहिनी काढून देशभर जाण्याऐवजी ईनाडू समूहाने प्रत्येक राज्याशी त्याच्या भाषेत बोलायचे ठरवले. जिल्ह्याची बातमी टीव्हीवर दाखवण्याइतकी मोठी असते, हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांना या बातमीपत्रांनीच पहिल्यांदा पटवले. दैनिकाची जिल्हा पुरवणीची कल्पना थेट पडद्यावर नेणारा इतका प्रामाणिक प्रयोग नंतर मला दिसत नाही. पुढे रिलायन्सच्या पाठबळावर या वाहिन्यांतला मोठा हिस्सा टीव्ही१८ या वाहिन्यांच्या समूहाकडे गेला आणि २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली.

हिंदी राष्ट्रीय वाहिनीचे दार प्रादेशिक दैनिकांसाठी उघडले ते एका परकीय गुंतवणुकीच्या नियमामुळे. १९५५ पासून वृत्तपत्रांत परकीय भांडवलाला बंदी होती. ती जून २००२ मध्ये २६ टक्क्यांपर्यंत सैल झाली. मार्च २००३ मध्ये भारतातून प्रक्षेपण करणाऱ्या वृत्तवाहिन्यांनाही हीच २६ टक्क्यांची मर्यादा लागली. परदेशी मालकीच्या स्टार समूहाची स्टार न्यूज तोवर एनडीटीव्ही चालवून देत होती, तो पाच वर्षांचा करार नेमका त्याच महिन्यात संपला. स्टारने स्वतःची हिंदी वृत्तवाहिनी सुरू केली, पण नियमाप्रमाणे उरलेले ७४ टक्के भारतीय हातात असायला हवे होते. सुरुवातीला हे समभाग काही नामवंत व्यक्तींमध्ये विभागले गेले. कागदावर मालकी भारतीय असली तरी कारभार कोणाचा, असा सवाल स्पर्धक वाहिन्यांनी केला आणि तो रास्तच होता. सरकारने नियम कडक करून किमान ५१ टक्के हिस्सा एकाच भारतीय भागधारकाकडे असावा, अशी अट घातली.

या अटीमुळे स्टारला भक्कम भारतीय भागीदार शोधणे भाग पडले. तो मिळाला कोलकात्यात. १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘आनंदबाजार पत्रिके’च्या समूहाने २००३ च्या उत्तरार्धात ७४ टक्के हिस्सा घेतला. बंगाली वाचकांवर उभे राहिलेले घराणे हिंदी राष्ट्रीय वृत्तवाहिनीचे मालक झाले. वितरणाची साखळी आणि पडद्यावरचे नाव स्टारचे होते, त्यामुळे शून्यातून सुरुवात करावी लागली नाही. २००५ मध्ये स्टार आनंद आणि २००७ मध्ये स्टार माझा आली. नऊ वर्षांनी स्टार बाजूला झाल्यावर १ जून २०१२ पासून एबीपी न्यूज, एबीपी आनंद आणि एबीपी माझा ही नावे पडद्यावर आली. ‘एबीपी’ ही आनंदबाजार पत्रिकेची आद्याक्षरे आहेत, याची अनेक मराठी प्रेक्षकांना कल्पना नसते.

‘दैनिक जागरण’ची कहाणी याच्या उलटी. १९४२ मध्ये झाशीला सुरू झालेले आणि नंतर कानपूरला पाय रोवलेले हे दैनिक. भाषा हिंदीच, वाचक उत्तर प्रदेशात गावोगाव. कागदावर सगळे जुळत होते. २००५ मध्ये त्यांनी चॅनल ७ काढली आणि वर्ष उलटते न उलटते तोच टीव्ही१८ समूहाच्या ग्लोबल ब्रॉडकास्ट न्यूज या कंपनीने तिच्यात हिस्सा घेतला. २००६ मध्येच ती आयबीएन७ झाली, २०१६ मध्ये न्यूज१८ इंडिया. खप आणि भाषा दोन्ही जवळ असलेल्या घराण्याला वाहिनी आपल्या हातात राखता आली नाही, हे या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण आहे.

कारण बातमीइतकाच, किंबहुना जास्त, पैसा बातमी घरात पोहोचवण्यावर जात होता. जुन्या अ‍ॅनालॉग केबलवर शंभराच्या आसपास वाहिन्या मावायच्या आणि रांगेत त्याहून कितीतरी जास्त उभ्या. चित्र स्वच्छ दिसणाऱ्या चांगल्या बँडवर जागा हवी तर वाहिनीनेच केबलवाल्याला कॅरेज फी मोजायची. दैनिकाचा वितरक अंक विकून कमिशन घेतो, म्हणजे माल गेला की पैसा येतो. इथे माल नेण्याचेच पैसे आधी द्यायचे, तेही शहरागणिक वेगळे. २०१२ च्या अखेरीस मुंबई-दिल्लीपासून डिजिटायझेशन सुरू झाले, तेव्हा जागेची टंचाई कमी झाली, पण पैसे मागण्याची पद्धत संपली नाही.

दुसरी अडचण मोजणीची. टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या टॅम या कंपनीची यंत्रे प्रामुख्याने लाखापेक्षा जास्त वस्तीच्या शहरांत होती. ग्रामीण भारत या आकडेवारीत नव्हता. जुन्या काळी तालुक्याचा वार्ताहर बातमीचे पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि जिल्ह्याच्या स्टँडवर दैनिकाचा माणूस ते उतरवून घ्यायचा. त्या बातमीमुळे त्या तालुक्यात अंक खपायचा आणि त्याची नोंद खपाच्या आकड्यात व्हायची. तीच बातमी टीव्हीवर दाखवली तर ती पाहणाऱ्या गावात यंत्रच नव्हते. मग दिल्ली-मुंबईतला प्रेक्षक डोळ्यासमोर ठेवून बातम्या निवडल्या गेल्या, यात नवल काय! संपादकांच्या आवडीनिवडीला दोष देण्याआधी ही मोजणी पाहावी, असे मला वाटते.

मराठी दैनिकांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जाहिरातींच्या व्यवहारात दक्षिणेकडची राज्ये वगळून उरलेल्या देशाला ‘हिंदी स्पीकिंग मार्केट’ म्हणतात आणि त्यात महाराष्ट्र धरला जातो. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक हिंदी वाहिनीच्या खात्यात आधीच जमा. त्यामुळे मराठी वाहिनीला आपल्याच राज्यात हिंदीशी झगडावे लागते. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या ‘सकाळ’च्या समूहाने २००८ मध्ये साम टीव्ही काढली, तीही मराठीतच. ‘लोकमत’ने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये टीव्ही१८ समूहाच्या आयबीएन१८ बरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत आयबीएन लोकमत सुरू केली, तीच पुढे न्यूज१८ लोकमत झाली. ‘लोकमत’कडे १९८९ पासून ‘लोकमत समाचार’ हे हिंदी दैनिक आहे. म्हणजे हिंदी लिहिणारी माणसे घरात होती, तरी पाऊल राज्याच्याच वाहिनीकडे पडले. २०२३ मध्ये कोल्हापूरच्या ‘पुढारी’नेही मराठी वृत्तवाहिनीच निवडली. याला भित्रेपणा म्हणणे चुकीचे ठरेल. जागरणचे काय झाले ते सर्वांनी पाहिले होते.

छापील आणि दृश्य माध्यम एकाच मालकाकडे किती असावे, हा प्रश्नही या काळात वर येत राहिला. १९९७ च्या प्रसारण विधेयकात वृत्तपत्रमालकांवर मर्यादा घालण्याची तरतूद होती, पण ते विधेयक मंजूर झाले नाही. दूरसंचार आणि प्रसारण नियामक असलेल्या ट्रायने २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये शिफारशी केल्या. त्यांवर कायदा झाला नाही. छोट्या दैनिकाला वाहिनी काढायची मुभा हवीच, पण एका जिल्ह्यातले सर्वांत मोठे दैनिक, वाहिनी आणि केबल एकाच घरात गेली तर तिथल्या वाचकाला दुसरी बाजू कुठून कळणार?

२०१५ मध्ये टॅमची जागा बार्क या नव्या मोजणी संस्थेने घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ग्रामीण घरे मोजणीत आली. उत्तर भारतातल्या गावांत दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली फ्री डिश सेवा मोठ्या प्रमाणावर पाहिली जाते, तिथे खासगी वाहिन्यांना लिलावात जागा घ्यावी लागते आणि हिंदी वृत्तवाहिन्या त्यासाठी कोट्यवधी रुपये मोजतात. गावातला प्रेक्षक अखेर हिशेबात आला, पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे पैसे वाहिनीलाच भरावे लागतात आणि त्याच्या तालुक्यात पूर्णवेळ वार्ताहर नेमायचे पैसे त्यानंतर किती उरतात, हे प्रत्येक नव्या वाहिनीच्या पहिल्या वर्षीच्या ताळेबंदात पाहायला हवे.