सूत्र चुकलं की गृहीतक?

घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचा विचार सुरू झाला की ठाण्यातल्या कितीतरी घरांत एक्सेल उघडलं जातं आणि हप्ता काढला जातो. हे चांगलंच आहे. बिल्डर किंवा बँक सांगेल तो आकडा मान्य करण्यापेक्षा स्वतः मांडलेला हिशेब कधीही बरा. पण या शीटमधला आकडा दोन निराळ्या कारणांनी चुकतो आणि पडद्यावर दोन्ही चुका सारख्याच दिसतात.

एक चूक सूत्राची. बेरीज चौदाव्या ओळीपर्यंतच धरलेली आणि पार्किंगचे पैसे मागाहून पंधराव्या ओळीत लिहिलेले. शीट तक्रार करत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या निबंधातही, इतर आक्षेप बाजूला ठेवले तरी, सरासरीच्या सूत्रात धरलेल्या ओळींतून पाच देश चुकून बाहेर राहिले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मिळवून ते दाखवून दिलं. अशी चूक दुसऱ्या माणसाला सापडू शकते, कारण खरं उत्तर त्या शीटमध्येच दडलेलं असतं.

गृहीतकाचं तसं नाही, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. समजा, २०२१ मध्ये कुणी ५० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ६.७५ टक्क्यांनी मांडलं. हप्ता ३८,०१८ रुपये. सूत्र अचूक. पण दर फ्लोटिंग, म्हणजे मधेच बदलू शकणारा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. तेवढीच वाढ इथे धरली तर दर ९.२५ होतो आणि त्या दराने ५० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच ३८,५४१ रुपये भरतं, म्हणजे जुन्या संपूर्ण हप्त्याहूनही जास्त. नव्याने मांडलं तर हप्ता ४५,७९३. मधल्या काळात थोडी मुद्दल फिटलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी येईल. बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. मग निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहतात.

गफलत होते ती इथे. घरातला सीए झालेला भाचा सगळी सूत्रं तपासतो, ‘शीट बरोबर आहे’ म्हणतो आणि सगळे तेवढ्यावर टोकन देऊन मोकळे होतात. त्याने तपासली ती बेरीज. २० वर्षं दर हलणार नाही, दोघांच्याही नोकऱ्या टिकतील, पगार दरवर्षी वाढेल, हे कुणीच तपासलेलं नसतं. दशांशापर्यंत नेमका आलेला आकडा पाहून तर ते विचारावंसंही वाटत नाही.

म्हणून दर, पगारवाढ, मुदत हे आकडे सूत्राच्या पोटात लिहू नका. प्रत्येकाला वेगळा सेल द्या, शेजारी तो कुठून घेतला ते लिहा. मग दर दोन-अडीच टक्क्यांनी वाढवून बघा, एक पगार सहा महिने शून्य करून बघा. मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं भागवून हप्ता जात नसेल, तर फ्लॅटची किंमत खाली आणा.