दीर्घ पार्श्वकार्य आणि विंडोची प्रतिसादक्षमता

स्क्रिप्ट-भाषेत लिहिलेल्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये लांबलचक काम चालू असतानाही विंडो हलती आणि बटणांना दाद देणारी ठेवण्याचे तंत्र. टीसीएल भाषेचे टीके हे विंडो-साधन, त्यावर उभे असलेले पायथॉनचे टीकेइंटर, पॉवरशेलमधून उभारलेल्या डब्ल्यूपीएफ (मायक्रोसॉफ्टचे विंडो-साधन) विंडो अशा सर्वच ठिकाणी ते लागते.

प्रत्येक विंडोमागे एक इव्हेंट लूप फिरत असतो. माउसची क्लिक, दाबलेली कळ, पुन्हा रंगवण्याची सूचना हे सारे एका रांगेत येते आणि लूप एकेक नोंद उचलून तिचे फंक्शन चालवतो. ते फंक्शन परतेपर्यंत रांग जागची हलत नाही. ‘नकला काढा’ या बटणाच्या फंक्शनमध्येच २,००० फाइलींचा फॉर-लूप लिहिला, की प्रगतिपट्टी शून्यावर खिळते आणि शेवटी एकदम शंभरावर उडी मारते. विंडोजमध्ये ५ सेकंद रांगेकडे न पाहणारी विंडो ‘प्रतिसाद देत नाही’ अशी ठरते. आत काम नीट चालू असते, पण वापरणारा वैतागून प्रोग्रॅम बंद करतो आणि नकला अर्ध्यावर राहतात.

विंडोचे सारे व्यवहार एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधील सूचना एकामागून एक चालवणारा धागा) का, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार हा जुन्या यंत्रांचा वारसा आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, तेव्हा वेगळ्या थ्रेडचा प्रश्नच नव्हता. दुसरे मत जावा भाषा घडवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये मांडले. क्लिक यंत्रणेकडून वर प्रोग्रॅमकडे चढते, तर ‘हे बटण रंगव’ ही आज्ञा प्रोग्रॅमकडून खाली उतरते. दोन थ्रेड या दोन दिशांनी निघाले, तर एकाने वरचे कुलूप (एखादी गोष्ट एका वेळी एकाच थ्रेडला वापरू देणारी सोय) धरून खालच्याची वाट पाहायची आणि दुसऱ्याने नेमके उलट, असा डेडलॉक होतो, म्हणजे दोघेही कायमचे अडतात. जावाचे एडब्ल्यूटी हे विंडो-साधन अनेक थ्रेडना खुले ठेवण्याचा विचार होता. नंतरच्या स्विंगने मात्र एकच थ्रेड पत्करला. थ्रेड सर्वत्र रुळल्यानंतर आलेल्या डब्ल्यूपीएफ (२००६) आणि अँड्रॉइड (२००८) यांनीही तेच केले, हे पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

जुना उपाय म्हणजे कामाच्या मध्येच रांग उपसणे: व्हिज्युअल बेसिकचे डूइव्हेंट्स, टीकेचे अपडेट. तो मोहक आहे आणि धोक्याचाही. उपसताना त्याच बटणाची दुसरी क्लिक हाती लागली, तर पहिले काम अर्धे असताना तेच फंक्शन पुन्हा सुरू होते. निदान बटण आधी निष्क्रिय करावे. त्यापेक्षा कामाचे तुकडे पाडून एक तुकडा झाल्यावर आफ्टरने (ठरावीक वेळाने फंक्शन चालवायला सांगणारी टीकेची आज्ञा) पुढचा रांगेत लावणे सुरक्षित ठरते. तुकडा फाइलींच्या संख्येवर न मोजता वेळेवर मोजावा, कारण एखादी फाइल मोठी निघतेच. साधारण १० मिलिसेकंद झाले की लूपकडे परतावे. मात्र एकच मोठी फाइल किंवा नेटवर्कची वाट असे तोडता येत नाही.

तेथे वेगळा थ्रेड लागतो. त्याने विंडोला हात लावू नये, फक्त निरोपांच्या एका वेगळ्या रांगेत निरोप टाकावा. मुख्य थ्रेडने आफ्टरद्वारे दर १०० मिलिसेकंदांनी ही रांग तपासून पट्टी पुढे सरकवावी. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे थ्रेड सुरू करून लगेच जॉइन करणे, म्हणजे तो संपेपर्यंत थांबून राहणे. मुख्य थ्रेड पुन्हा तिथेच अडतो. पायथॉनमध्ये सामाईक कुलूप, म्हणजे जीआयएल, फाइल वा नेटवर्कची वाट पाहताना सोडले जाते, पण निव्वळ आकडेमोडीत थ्रेडना ते आळीपाळीने मिळते (पायथॉन ३.२ पासून अदलाबदलीचे ठरलेले अंतर ५ मिलिसेकंद). त्यामुळे जड गणितासाठी स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे वेगळा चालणारा प्रोग्रॅम, बरी. पॉवरशेलमध्ये वेगळ्या थ्रेडचे काम रनस्पेस करतो आणि विंडोकडे निरोप पोहोचवण्याचे काम डिस्पॅचर.

काम थांबवण्याची सोय सुरुवातीपासूनच हवी. पायथॉनमध्ये थ्रेड बाहेरून मारता येत नाही. ‘रद्द’ बटणाने एक खूण उभी करायची आणि थ्रेडने प्रत्येक फाइलीनंतर ती पाहायची. विंडो बंद करतानाही आधी खूण, मग थ्रेड संपल्याची खात्री आणि शेवटी विंडो नष्ट, हा क्रम पाळावा लागतो.