मोहफुलं वेचणं, नेणं, विकणं: कुठला हक्क, कुठले कागद आणि गुन्हा नेमका कधी होतो

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली पिवळट फुलांचा सडा पडतो, बायका अंधारातच टोपल्या घेऊन जातात आणि अंगणात वाळत घातलेली तीच फुलं चार-पाच दिवसांत मनुक्यासारखी तपकिरी होतात. हा आमच्याकडे वर्षाचा मोठा आधार आहे, पण याच फुलांची हातभट्टी लागते म्हणून पोतं दिसलं की संशय आधी येतो. गडचिरोलीत तर 1993 पासून दारूबंदी आहे, मग विचारायलाच नको. माझ्या मावशीची दोन पोती बाजाराच्या वाटेवर अडवली होती, हातात एक चिठ्ठी नव्हती म्हणून दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. म्हणून हे लिहितोय.

आधी कायद्याचं बघू. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यात मोहफुलं, मळी, सडका गूळ अशा कच्च्या मालावरही नियंत्रण आहे. मोहफुलं वेचण्या-नेण्या-साठवण्यावरचे जुने निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये सैल केले. पण कलम 65 तसंच आहे, दारू गाळण्यासाठी माल, भांडी किंवा भट्टीचं सामान ठेवलं तर गुन्हा. म्हणजे वाळलेली फुलं ही वनउपज, पण तीच ड्रमात पाण्यात भिजवून काळा गूळ, नवसागर घालून सडवा केला की सरळ केस, तिथे कुठलाच वनहक्क कामी येत नाही.

आता हक्क कोणाला. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे गौण वनउपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, मोहफुलंही त्यातच) गोळा करायची, वापरायची, विकायची मालकी मिळते. आदिवासी असाल तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तिथे राहून जंगलावर पोट असलं पाहिजे, बिगरआदिवासी असाल तर त्या तारखेआधी तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि हीच अट बऱ्याच जणांना जड जाते.

सामूहिक हक्काचा दावा नमुना ब मध्ये, सामूहिक वनसंसाधनाचा (म्हणजे गावाने राखायच्या-सांभाळायच्या जंगलाचा) नमुना क मध्ये. दावा ग्रामसभेकडे द्यायचा, तहसीलला पळायचं नाही. वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते, ग्रामसभा ठराव घेते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका, नाहीतर ठराव कच्चा राहतो, हजेरीच्या सह्या-अंगठे नीट घ्या. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात. विदर्भात निस्तार पत्रकाची (गावाला जंगलातून काय काय घेता येतं याची जुनी सरकारी नोंद) नक्कल फार उपयोगी पडते, सोबत गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब जोडा (तो स्वतः दावेदार नको). जातीचा दाखला, रहिवासाचा कागद, नकाशा हेही लावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये असाच सामूहिक हक्क मिळाला.

वाहतुकीचं ऐका, कारण अडवतात ते इथेच. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनुसार वाहतूक पास ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो, आणि वनउपजेवर रॉयल्टी नाही, फी नाही. पासवर नाव, गाव, वजन, तारीख, कुठून कुठे आणि शिक्का एवढं असू द्या, सोबत आधार कार्ड आणि हक्कपत्राची झेरॉक्स ठेवा. कोणी माल जप्त केलाच तर पंचनाम्याची नक्कल मागा, "सुकी मोहफुलं, इतके किलो" असंच लिहून घ्या, रिकाम्या कागदावर अंगठा देऊ नका.

विकताना भाव माहीत हवा. केंद्राने 2020 मध्ये सुक्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला 30 रुपये केली होती, त्यामुळे व्यापारी अंगणात येऊन काहीही बोलला तरी घाई नको. व्यापारी म्हणून दुसऱ्यांचा माल घेऊन गोडाऊन भरायचं असेल तर वेचणाऱ्याची सूट आपल्याला आहे असं धरून चालू नका, आधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन उत्तर घ्या.

दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावंच लागतं. ते मिळाल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे अपील करायचं, म्हणून पत्र हातात पडेल त्या दिवशी त्यावर तारीख टाकून सही करा आणि पोच जपून ठेवा.