आठ कोर, पण कामाचे तीनच

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत नवा मोबाईल बघायला गेलं की काउंटरवरचा पोरगा आधी सांगतो, "दादा, ऑक्टा-कोर आहे." म्हणजे प्रोसेसरमध्ये आठ कोर, आज्ञा पाळणारे आठ स्वतंत्र भाग. पण ते आठही सारखे नसतात, आणि प्रत्येक काम प्रत्येक कोरवर चालेलच असंही नाही. खोक्यावर हे कुठे छापलेलं नसतं.

आर्म कंपनीने ऑक्टोबर २०११ मध्ये 'बिग-लिटल' ही रचना जाहीर केली. एकाच चिपवर काही कोर दांडगे आणि वेगवान, काही छोटे आणि काटकसरी. गाणं वाजवायला छोटे कोर, गेम उघडला की मोठे. पहिल्या जोडीतले कॉर्टेक्स-ए१५ आणि कॉर्टेक्स-ए७ वेगात वेगळे होते, पण दोघांना कळणाऱ्या आज्ञा एकच होत्या. त्यामुळे चालू प्रोग्रॅम इकडून उचलून तिकडे ठेवला तरी त्याला पत्ताही लागत नसे. सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा होता.

कोणतं काम कोणत्या कोरवर जाईल, हे लिनक्स कर्नेलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, शेड्यूलर ठरवतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. प्रत्येक कामासोबत कर्नेल एक मास्क ठेवतो. जितके कोर तितके बिट. १ म्हणजे इथे चालव, ० म्हणजे इथे नको. हा मास्क आपल्यालाही बदलता येतो, लिनक्सवर 'टास्कसेट' ही कमांड तेच करते. पडद्यामागे गेलेल्या ॲपना मोजक्या कोरवर बसवण्यासाठी अँड्रॉइडही अशीच सोय वापरतं. इथपर्यंत मामला पसंतीचा आहे.

पण पसंती वेगळी आणि शक्यता वेगळी. उद्यमनगरात ज्याने वर्कशॉप चालवलंय त्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. छोटा जॉब दहा फुटी लेथवर लावला तर निघतो, फक्त मोठी मशीन उगाच अडकते. सात फुटांचा शाफ्ट मात्र चार फुटी लेथवर बसतच नाही, मग सुपरवायझर काहीही म्हणो.

कोर वेगळे असल्याचं प्रोग्रॅमला माहीत नसलं की काय होतं, याचा एक नमुना २०१६ मध्ये सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० चिपवर दिसला. मोनो नावाची प्रणाली प्रोग्रॅम चालू असतानाच मेमरीत नवा मशीन कोड लिहिते. असा कोड लिहिल्यावर कॅशमधल्या, म्हणजे कोरजवळच्या छोट्या वेगवान साठ्यातल्या, जुन्या आज्ञा पुसाव्या लागतात, आणि कॅश पुसली जाते ती ओळी-ओळीने. या चिपच्या मोठ्या कोरवर ओळ १२८ बाइटची, छोट्यावर ६४ बाइटची. पुसणारा कोड ओळीचा आकार एकदाच विचारायचा आणि तोच कायम धरायचा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा काम मोठ्या कोरवर असेल तर उत्तर १२८. पुढे शेड्यूलरने काम छोट्या कोरवर नेलं, तरी कोड १२८-१२८ च्याच उड्या मारत पुसत राहिला. दर दुसरी ओळ तशीच राहिली, जुन्या आज्ञांसकट. प्रोग्रॅम कोसळायचा, तोही कधीतरीच, आणि कोसळल्याची जागा मेमरीत तपासावी तर तिथे आज्ञा अगदी बरोबर. कारण सापडल्यावर दुरुस्ती सोपी होती: आकार दरवेळी विचारायचा आणि आजवर दिसलेल्यांतला सर्वांत लहान धरायचा.

ही फट चुकून राहिलेली होती. २०२१ मध्ये आर्मने जाणूनबुजून वेगळे कोर आणले. जुने प्रोग्रॅम ३२-बिट आज्ञांचे, नवे ६४-बिट आज्ञांचे. त्या वर्षीच्या कॉर्टेक्स-ए७१० ला दोन्ही चालत; कॉर्टेक्स-एक्स२ आणि पहिल्या रूपातल्या कॉर्टेक्स-ए५१० ला फक्त ६४-बिट. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८ जेन १ चिपमध्ये एक एक्स२, तीन ए७१० आणि चार ए५१० आहेत. म्हणजे ३२-बिट ॲपसाठी आठांतले तीनच कोर. सर्वांत ताकदीचा एक्स२ त्याच्या वाट्याला येतच नाही, आणि बॅटरी वाचवणारे चार छोटेही नाहीत.

या परिस्थितीसाठी लिनक्समध्ये ५.१५ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, सोय आली. वापरकर्त्याच्या मास्कच्या जोडीला कर्नेल आता 'या कामाला शक्य असलेले कोर' असाही एक मास्क बघतो. समजा चार ते सहा क्रमांकाचे कोर ३२-बिट चालवतात आणि एखाद्या कामाला आपण शून्य ते पाच नेमून दिलेत. त्या कामाने ३२-बिट प्रोग्रॅम सुरू केला की कर्नेल दोन्हींतले सामाईक कोर काढतो: चार आणि पाच. आपण मागितलेले शून्य ते पाच तो विसरत नाही, बाजूला जपून ठेवतो. पुढे त्याच कामाने ६४-बिट प्रोग्रॅम सुरू केला की जपलेला मास्क परत लावायचा प्रयत्न करतो. मला या सगळ्या रचनेत हेच फार आवडतं. अडचण हार्डवेअरची होती, म्हणून माणसाची मागणी पुसून टाकायचं कारण नाही.

सामाईक कोर एकही नसेल तर? आपण शून्य ते तीनच दिले होते, असं धरा. तेव्हा कर्नेल, काम ज्या गटात आहे त्याच्या वरच्या गटांना नेमलेल्या कोरमध्ये, चालू शकणारा कोर शोधतो आणि काम तिकडे लावतो. इथे आपलं म्हणणं मोडलं जातं, पण पर्याय तरी काय? ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट कोरवर नेला तर तो हळू चालणार नाही, मरेल. याच कारणाने ३२-बिट चालवणारा शेवटचा कोर बंद करायला गेलं तर कर्नेल नकार देतो.

इंटेलने २०२१ च्या अल्डर लेक प्रोसेसरमध्ये उलटा रस्ता धरला. मोठ्या कोरना एव्हीएक्स-५१२ नावाच्या जड गणिताच्या आज्ञा येत होत्या, छोट्यांना येत नव्हत्या. कंपनीने मोठ्यांमधल्याही त्या बंद केल्या. सगळे सारखे झाले, शेड्यूलरची डोकेदुखी गेली, पण सिलिकॉनमध्ये कोरलेली ताकद झोपून राहिली. मला लिनक्सची वाट बरी वाटते. फरक आहे तर तो मान्य करून कर्नेलने सांभाळावा. प्रत्येक ॲप लिहिणाऱ्याने चिपची कुंडली पाठ करावी, ही अपेक्षा चुकीची आहे.

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या वजनाचं नि बिलाचं एखादं जुनं ॲप कुणाच्या फोनवर असेल, बनवणाऱ्याने ते कधीच सोडून दिलं असेल, तर त्याच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. गुगल प्लेने ऑगस्ट २०१९ पासून ॲपमध्ये ६४-बिट कोड असण्याची सक्ती केली, पण त्याआधीची ॲप अजून कुणाकुणाच्या फोनवर चालतात. ऑक्टोबर २०२२ च्या पिक्सेल ७ मध्ये अँड्रॉइड फक्त ६४-बिट ॲप घेतं. तिथे फक्त ३२-बिट कोड असलेलं ॲप बसतच नाही. तेव्हा फोन बदलण्याआधी ॲपवाल्याला, तो सापडत असेल तर, ६४-बिट आवृत्ती आहे का ते विचारा. तो सापडत नसेल तर जुना फोन विकू नका आणि बिलांचा डेटा आजच बाहेर काढून ठेवा.