चांदमारीची शिस्त

एनसीसीच्या पहिल्या कॅम्पात उस्तादांनी ‘शिस्त लो’ अशी आरोळी दिली आणि आम्ही दहाच्या दहा पोरं सतरंजीवर पालथी पडल्या पडल्याच आणखी ताठ झालो. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पोरं आम्ही. शिस्त म्हणजे गप राहणं आणि न हलणं एवढंच ठाऊक. उस्तादांनी कपाळाला हात लावला, माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि मान धरून माझा गाल रायफलीच्या दस्त्यावर टेकवला. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. पुढे कळलं की जुन्या मराठीतही तोच अर्थ होता. शब्द फारसीतून आलेला. बंदुकीची शिस्त धरायची म्हणजे तिचा रोख साधायचा. आपल्याकडे काळाच्या ओघात नेम गळाला आणि वळण उरलं. बंदुकीच्या शिक्षणात मात्र नेमकं उलटं घडलं. तिथं आधी नुसतं वळण होतं, नेम फार उशिरा आला. आज गोळीबाराच्या रेंजवर जे सुरक्षिततेचे नियम घोकून घेतात, त्यांतले बरेचसे या उशिरा आलेल्या नेमामागून आलेत.

भोकरदनजवळ असई आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या आणि कंपनीच्या सेनापती वेलस्लीच्या फौजा भिडल्या. शिंद्यांच्या बाजूनं पोलमन या युरोपी अधिकाऱ्याच्या हाताखालचं कवायती पायदळ होतं, समोर कंपनीचं. दोन्हीकडे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या चकमकीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका. अशा बंदुकीची गोळी नळीत सैलच बसायची. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर रोखून मारण्यात फारसा अर्थ नव्हता, म्हणून शिक्षण सगळं वेगाचं: काडतूस फाड, दारू ओत, गजानं ठास, खांद्याला लाव, झाड. इंग्रजी कवायतीत झाडण्याआधीचा हुकूम ‘प्रेझेंट’ असा होता. म्हणजे बंदूक समोर धरा. नेम धरा असं कुणी म्हणतच नव्हतं. धोका होता तो शेजाऱ्याला. खांद्याला खांदा लावून उभ्या रांगा, प्रत्येकाजवळ उघडी दारू, मागच्या रांगेची नळी पुढच्याच्या कानाशी. घाईत कुणी गज नळीतच विसरायचा, तर बार न उडालेला ध्यानात न आल्यानं कुणी त्यावरच दुसरा ठासायचा. तेव्हाची सुरक्षितता म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकच हालचाल करणं. कवायत ही त्या अर्थानं सेफ्टीच होती.

हैदराबाद कंटिन्जन्ट ही निजामाच्या पैशानं उभी राहिलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली फौज. तिच्या छावण्या आपल्याकडे औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं होत्या. १८५३ च्या तहात या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडात हाइथ इथं नेमबाजी शिकवणारी लष्करी शाळा निघाली आणि एनफिल्ड रायफलीचा १८५३ चा नमुना ठरला. नळीला आतून पेच, गोळी पेचात घट्ट बसून फिरत जाणारी, साइटवर हजार यार्डांच्या वरपर्यंतचे आकडे. अंतराचा अंदाज, श्वास रोखणं, ट्रिगर हिसका न देता दाबणं, हे धडे तिथून सुरू झाले.

ते धडे आपल्या शिपायाला मात्र लगेच मिळाले नाहीत. एनफिल्डच्या काडतुसांवरून उत्तरेत भडका उडाला. औरंगाबादेत जून १८५७ मध्ये कंटिन्जन्टच्या घोडदळात उठाव झाला तो मुख्यतः आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार या संशयावरून. त्यानंतर इंग्रजांनी धोरणच बदललं. देशी पलटणींसाठी एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका मुद्दाम बनवल्या. पुढची कित्येक वर्षं देशी पलटणींचं हत्यार गोऱ्यांच्या हत्याराहून एक पिढी मागं ठेवलं गेलं. शिपायानं ताठ उभं राहावं, सलाम ठोकावा. लांबवर नेम मात्र धरू नये. शिस्तीचा एक अर्थ द्यायचा आणि दुसरा कुलपात ठेवायचा, असाच हा प्रकार.

रायफल अखेर सगळ्यांच्या हाती आली तशी जमीन लागायला लागली. थ्री-नॉट-थ्रीची गोळी चुकली तर तीनेक किलोमीटर जाऊ शकते. छावणीच्या कडेला माती लोटून केलेलं ढेकूळ तिला पुरणार कसं? म्हणून चांदमारीसाठी, म्हणजे नेमबाजीच्या सरावासाठी, मागं टेकडी असलेलं मैदान, पुढं गोळ्या अडवणारा मातीचा उंच बांध म्हणजे बट, त्याच्या पायथ्याच्या चरात लक्ष्य वरखाली करणारी बट पार्टी आणि सगळ्याभोवती लाल झेंडे अशी मांडणी रुळली. चांदमारीतला चांद म्हणजे लक्ष्यावरचा गोल ठिपका. आपल्या भागात टेकड्यांना तोटा नाही, पण बालाघाट काय किंवा अजिंठ्याचे डोंगर काय, सगळा काळा बेसाल्ट. गोळी दगडावर तिरकी आपटली की उसळून कुठंही जाते. त्यामुळे बटाची माती चाळून दगड वेचावे लागतात, आणि शिशानं भरलेला भाग अधूनमधून उकरून नवी माती भरावी लागते. हे काम कुणी फोटो काढून मिरवत नाही, पण रेंज सुरक्षित राहते ती त्या फावड्यामुळे. गोळीबाराच्या मैदानांसाठी ब्रिटिश हिंदुस्थानात १९३८ साली कायदाही झाला: आधी सूचना, ठरलेली हद्द, त्या काळात गुरं-माणसं बाहेर.

१९०३ मध्ये कंटिन्जन्ट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. इथल्या सामान्य माणसाला हत्यार दिसत होतं ते दुसऱ्याच्याच हाती. रझाकारांच्या काळात तर फारच जवळून दिसलं. त्यांच्यातल्या थोड्यांकडेच आधुनिक बंदुका होत्या, बाकीच्यांकडे ठासणीच्या भरमार बंदुका, तलवारी, भाले. पण निःशस्त्र गावाला भरमारही पुरे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य पहिल्याच दिवशी नळदुर्गात आलं, आणि १७ ला निजाम शरण आला. त्याच वर्षी १५ जुलैला एनसीसी सुरू झाली होती. इथं कॉलेजं निघत गेली तशी ती आली. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ पासून १९६८ पर्यंत, ती कॉलेजात सक्तीची होती. शेतकऱ्याच्या पोरानं सरकारच्या परवानगीनं, सरकारच्याच गोळीनं नेम धरायचा, ही गोष्ट मराठवाड्यात इतकी अलीकडची आहे.

कॅडेटला मिळते ती .२२ ची. कवायतीच्या रायफली वेगळ्या. त्यांना डीपी, म्हणजे ‘ड्रिल पर्पज’, म्हणतात, त्यांतून गोळी सुटूच नये अशी सोय केलेली असते. .२२ ला धक्का नसल्यासारखाच, आवाजही फटाक्याएवढा, म्हणून पोरांना ती खेळणं वाटते. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं ते याच कॅलिबरवर. आमच्या त्या कॅम्पात माझ्या डावीकडच्या पोराचा राउंड उडाला नाही. तो रायफलीसकट मागं वळला आणि म्हणाला, ‘‘उस्ताद, हे चालंना.’’ त्या अर्ध्या सेकंदात नळी आम्हा पाच जणांवरून फिरली. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी बुटानं नळी खाली दाबली, बटाकडे वळवली, थोडं थांबले, मग बोल्ट उघडला. न उडालेली गोळी उशिरानंही उडू शकते, म्हणून ते थांबणं. त्या पोराला मग दिवसभर प्रत्येक डीटेलच्या, म्हणजे एका वेळी फायर करणाऱ्या तुकडीच्या, मागं उभं राहून ‘नळी समोर’ एवढंच ओरडायचं काम दिलं.

मॅगझिनच्या रायफलींनी एक नवीच चूक जन्माला घातली. ठासणीच्या बंदुकीत एकच बार. उडाला की संपलं. एसएलआर किंवा इन्सास या फौजी रायफलींमध्ये आधी कॉकिंग हॅन्डल ओढलं आणि मग मॅगझिन काढलं, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. हातात मॅगझिन, मनात ‘खाली केली’ आणि नळीत गोळी. म्हणून आधी मॅगझिन, मग कॉक, मग चेंबरमध्ये डोळ्यानं आणि अंधार असेल तर बोटानं पाहायचं. ‘रायफल साफ करताना अचानक गोळी सुटली’ ही बातमी आपण पेपरात वाचतो तेव्हा बऱ्याचदा हाच क्रम चुकलेला असतो. अचानक हा शब्द त्यात उगाच येतो.

आज मुदखेडला सीआरपीएफचं ट्रेनिंग कॉलेज आहे, जालना आणि हिंगोलीत राज्य राखीव दलाचे गट आहेत, लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, आणि छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून अधिकारी व्हायची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था आहे. पहाटे बीड-परभणीच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरं यांतल्याच कुठल्या तरी रेंजवर पहिल्यांदा पालथी पडतात. खासगी परवान्यालाही २०१६ च्या नियमांपासून हत्यार हाताळण्याच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण लागतं.

आमच्या कॅम्पात पाच-पाच प्रमाणे पन्नास राउंड मिळाले होते. फायरिंग संपलं, प्रत्येकानं हात वर करून ‘मेरे पास कोई राउंड या खाली खोखा नहीं’ असं म्हटलं, आणि मोजणीत खोखे, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, भरले एकोणपन्नास. ऊन उतरेपर्यंत आम्ही रांगेनं कुसळं तुडवत गवत विंचरत होतो. शेवटी ती पुंगळी माझ्याच दुमडलेल्या बाहीतून पडली. उडून तिथं जाऊन बसलेली, मला पत्ताच नव्हता. उस्तादांनी ती उचलली, डब्यात टाकली, सगळ्या परत एकदा मोजल्या, वहीत पन्नास लिहिलं, आणि मग चहाची किटली मागवली.