अभयारण्यात रिसर्च करायचाय? परमिशन कुणाला मिळते, कशी काढायची, कागद काय लागतात

एमएस्सीचं डिसर्टेशन असो नाहीतर पीएचडी, साइट भीमाशंकर, कोयना, मेळघाट अशी कुठली ठरत असेल तर परमिशनचं आधी बघा, सिनॉप्सिस नंतर सजवा. चांगल्या चांगल्या पोरांचा एकेक सीझन यात गेलेला बघितलाय म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक ठरवा. तुम्ही प्राणी नुसता बघणार, हातात धरणार, की जंगलातून काही बाहेर नेणार? तिन्हीचे नियम वेगळे आहेत.

नुसतं बघायचं असेल, म्हणजे ट्रान्सेक्ट (ठरलेल्या रेषेवरून चालत नोंदी घेणं) चालणं, पक्षी मोजणं, कॅमेरा ट्रॅप लावणं, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 28. परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आपल्याकडे त्यांचं ऑफिस नागपूरला वनभवनात. राष्ट्रीय उद्यानालाही हेच कलम लागतं.

हातात धरायचं असेल तर कलम 12, आणि इथं लोक फसतात, कारण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं हेही येतं. म्हणजे अनुसूचीतला (कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्रजातींच्या यादीतला) पक्षी जाळ्यात धरून, पायात रिंग घालून जिवंत सोडला तरी परवाना हवाच. पक्षी आणि सरपटणाऱ्यांची अंडी, घरटी डिस्टर्ब करणंसुद्धा त्यातच. धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याचं उदाहरण घ्या. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते आणि नर तिथून तिला फळं भरवतो. लांबून दुर्बिणीतून नोंदी घेणं वेगळं आणि त्या फटीतून वायरचा कॅमेरा आत सरकवणं वेगळं. झाड कुणाच्या खासगी बागेत असलं तरी कलम 12 सुटत नाही. प्राणी अनुसूची 1 मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, अनुसूची 2 मधला असेल तर राज्य सरकारची. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहाच्या चार झाल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून त्या लागू आहेत, त्यामुळे सीनियरच्या जुन्या अर्जातून अनुसूची कॉपी करू नका, प्रत्येक प्रजाती नव्या यादीत शोधा.

बाहेर न्यायचं असेल तर सगळ्यात अवघड. अभयारण्यातून पान, साल, किडा काहीही काढायला कलम 29 आडवं येतं, मग तो किडा कुठल्याच अनुसूचीत नसला तरी. फोटोवर, जागेवरच्या मोजमापावर काम भागत असेल तर भागवा.

पात्रतेचं म्हणाल तर कलम 28 मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असंच आहे, डिग्रीची अट नाही. पण विद्यार्थ्याने अर्ज गाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याने, कॉलेजच्या लेटरहेडवरच पाठवावा, नाहीतर पहिली विचारणा त्याचीच होते.

सोबत प्रपोजल, आणि ते थिसिससारखं लांबलचक नको. उद्देश, पद्धत, रेंज, बीट आणि कक्ष क्रमांकासह (हे वनविभागाने जंगलाचे पाडलेले भाग) नकाशा, तारखा, दिवसा जाणार की रात्री, टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राची प्रत (गावातला सहायक घेणार असाल तर त्याचीही), गाडीचा नंबर, उपकरणांची यादी नगासकट. प्रवेशपत्र किंवा पीएचडी नोंदणीचं पत्र, फंडिंग असेल तर त्याचं पत्र, आणि रिपोर्ट वनविभागाला देऊ असं हमीपत्र. ड्रोन उडवणार असाल तर तो ठळक लिहा, त्याचे नियम वेगळे आहेत.

माझा पहिला अर्ज एका वाक्यावरून परत आला होता. पद्धतीत मी 'आवश्यकतेनुसार नमुने गोळा केले जातील' असं लिहिलं होतं. कसले नमुने, किती, कुठून, काहीच नाही! खुलासा करून परत पाठवेपर्यंत पाऊस सुरू झाला, बेडकांचं काम होतं, वर्ष गेलं. दुसऱ्या अर्जात लिहिलं की बेडूक धरणार नाही, आवाज रेकॉर्ड करणार आणि जागेवर फोटो घेणार.

अर्जाची एक प्रत त्या भागाच्या उपवनसंरक्षकांना, व्याघ्र प्रकल्प असेल तर क्षेत्र संचालकांना द्या, कारण वरून अभिप्राय त्यांच्याकडेच मागितला जातो. जमलं तर आधी प्रत्यक्ष भेटा. जूनमध्ये फील्ड असेल तर अर्ज दिवाळीच्या आसपास गेलेला बरा.

साइट अभयारण्याबाहेर राखीव वनात असेल तर त्या वनविभागाच्या उपवनसंरक्षकांची परवानगी लागते. देवराई असेल तर जमीन नक्की कुणाची हे सातबाऱ्यावर बघा आणि काहीही निघालं तरी गावात जाऊन सांगा. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांनी लक्षात ठेवावं, इन्कम टॅक्सच्या व्याख्येने अनिवासी असाल तर इथली जैविक संसाधनं रिसर्चसाठी घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरीही लागते, पासपोर्ट भारतीय असला तरी.

ऑर्डर हातात आली की अटी ओळ न ओळ वाचा, मुदत संपायची तारीख लिहून ठेवा, वाढ हवी असेल तर ती संपायच्या बरीच आधी मागा. एक प्रत आरएफओंना (रेंजच्या वनाधिकाऱ्यांना) द्या, एक बीटच्या वनरक्षकांना, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून रोज सॅकमध्ये ठेवा, पावसात झेरॉक्सचा लगदा होतो.