डिजिलॉकरमधला दाखला दुसऱ्या कार्यालयात मूळ प्रत म्हणून कधी चालतो?

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं केंद्र सरकारचं ॲप, उघडलं की कागदपत्रं दोन ठिकाणी दिसतात, आणि बहुतेक अर्ज अडकतात ते या दोन्हींत गल्लत झाल्यामुळे. ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’मध्ये संबंधित खात्याच्या नोंदीतून थेट आलेला दाखला असतो. ‘अपलोडेड’मध्ये तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली फाइल असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने मूळ कागदाचा दर्जा दिला तो फक्त पहिल्या प्रकाराला. स्कॅन डिजिलॉकरमध्ये ठेवला तरी तो स्कॅनच राहतो. फोनमधल्या लायसन्सच्या फोटोचंही तसंच. वाहतूक पोलिसांना लायसन्स दाखवायचं तर ते डिजिलॉकर किंवा वाहनांच्या कागदपत्रांचं सरकारी ॲप एमपरिवहन उघडूनच दाखवा.

डिजिलॉकरवर खातं उघडण्यासाठी आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल हवा. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नवा नोंदवा. तोवर ओटीपी जुन्याच नंबरवर जाईल आणि पुढचं काहीच होणार नाही. ॲपवर किंवा संकेतस्थळावर आधार क्रमांक टाका, ओटीपी भरा आणि सहा आकडी पिन ठरवा. मग दाखला देणारं सरकारी खातं शोधून त्याला लागणारा तपशील द्यायचा: लायसन्ससाठी लायसन्स क्रमांक, गाडीच्या आरसीसाठी नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेसाठी वर्ष आणि बैठक क्रमांक. हे आकडे जुन्या कागदावरूनच उतरवा. ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली तरी ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं.

सगळ्यात जास्त अडचण नावाची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, ‘पाटील सुनील रामचंद्र’. आधारवर ‘सुनील रामचंद्र पाटील’. आणि जुन्या लायसन्सवर ‘सुनील आर. पाटील’. माणूस एकच, पण नाव जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेला ते कळेलच असं नाही. नाव जुळत नाही असा संदेश आला तर डिजिलॉकरकडे तक्रार करून फारसा उपयोग नाही. तिथे नोंदी तयार होत नाहीत, खात्याकडच्या नोंदी फक्त आणून दाखवल्या जातात. चूक जिथे आहे तिथेच दुरुस्ती करावी लागते: गुणपत्रिकेची शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, लायसन्सची आरटीओकडे. घाईघाईने आधारवरचं नाव बदलू नका. तिथे नाव सर्वसाधारणपणे दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून पॅन, गुणपत्रिका आणि बँक पासबुक समोर ठेवा आणि जे नाव जास्त ठिकाणी आहे तेच पक्कं धरा.

दुसऱ्या कार्यालयाला दाखला द्यायचे दोन मार्ग आहेत. त्या कार्यालयाचं पोर्टल डिजिलॉकरला जोडलेलं असेल तर अर्ज भरताना तिथूनच दाखला निवडायचा आणि संमती द्यायची. शक्य असेल तिथे हाच मार्ग घ्या, कारण दाखला मधे कुणाच्या हातात जात नाही. मात्र संमतीच्या पडद्यावर कोणकोणत्या कागदांपुढे खूण आहे ते नीट वाचा. उत्पन्नाचा दाखला मागितला असेल तर गुणपत्रिकेवरची खूण काढून टाका.

दुसरा मार्ग पीडीएफ देण्याचा. खात्याने डिजिटल सही केलेली असते ती फाइलवर. प्रिंट काढली की सहीचं चित्र उरतं, तपासता येणारी सही उरत नाही. सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून दाखला खोटा ठरत नाही. त्या संगणकाने सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र अजून विश्वासार्ह मानलेलं नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. ॲडोबी रीडरमध्ये सहीवर राइट क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीजमध्ये जा, प्रमाणपत्र उघडा, ते कुणाच्या नावाने दिलंय ते पाहा, मग विश्वासार्ह यादीत घालून सही पुन्हा तपासा. हिरवी खूण येते. फाइलमध्ये नंतर काही बदल झाला असेल तर मात्र सही अवैध दिसते. पीडीएफ जोडणाऱ्या किंवा लहान करणाऱ्या ॲपमधून काढलेली फाइल याच कारणाने नाकारली जाते. पोर्टलवर फाइलच्या आकाराची मर्यादा असली तरी सहीची फाइल दाबून लहान करू नका.

सातबाऱ्यालाही हाच नियम. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. सरकारी किंवा बँकेच्या कामासाठी १५ रुपये भरून महाभूमीच्या पोर्टलवरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्या. त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो आणि तो टाकला की समोरच्या कर्मचाऱ्याला उतारा स्वतः पोर्टलवर पाहता येतो. अर्जासोबत हा क्रमांक वेगळा, ठळक लिहून द्या.